हेडलाईटची बैठक आणि फोकस : कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका गॅरेजचे काम

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगराच्या आतल्या गल्लीत, लेथ आणि वेल्डिंगच्या दुकानांच्या रांगेत, गाड्यांचे दिवे, वायरिंग आणि पुढच्या ‘शो’ची, म्हणजे दिवे धरणाऱ्या पत्र्याची, कामे करणारे एक लहान गॅरेज आहे. मिस्त्रींनी स्वतःहून नाव लिहू नका असे सांगितल्याने ते मी लिहीत नाही. मात्र चुकीच्या बसवलेल्या हेडलाईटमुळे मी जवळजवळ दोन महिने जो त्रास काढला आणि तो या दुकानात ज्या पद्धतीने संपला, ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. हेडलाईटचे काम म्हणजे बल्ब बदलणे आणि स्क्रू फिरवणे एवढेच, असे मीही इतकी वर्षे समजत होते.

आमची वॅगन आर नऊ वर्षांची आहे. दिवाळीनंतर एका संध्याकाळी मंडईजवळ उभी असताना एका टेम्पोने मागे घेताना तिला पुढून उजव्या बाजूला ठोकले. बंपर फाटला, उजव्या हेडलाईटची काच फुटली आणि बॉनेटच्या कोपऱ्याला पोचा आला. घराजवळच्या एका गॅरेजने चार दिवसांत बंपर जोडून रंगवून दिला, बाजारातला नवा दिवा बसवला आणि भर दुपारी गाडी ताब्यात दिली. दिव्याची वरची कड बॉनेटच्या खाली थोडी आत गेल्यासारखी आणि खालची कड बंपरच्या किंचित पुढे आल्यासारखी दिसत होती. मी ते बोलून दाखवले, तेव्हा बाजारातला दिवा असल्यामुळे एवढे चालायचेच, असे उत्तर मिळाले. दिवा लागतो आहे ना, एवढे पाहून मी पैसे दिले. ही चूक माझी होती. हेडलाईटचे काम झालेली गाडी अंधार पडल्याशिवाय ताब्यात घेऊ नये, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर पुढचे बरेच टळले असते.

माझ्या सासूबाई साखरप्याला असतात, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी बांबवडे, मलकापूर, आंबा घाट या रस्त्याने माझे जाणे-येणे होते आणि परतताना बहुतेक वेळा रात्र होते. पहिल्याच फेरीत समोरून येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी मला डिपर मारू, म्हणजे दिव्यांची उघडझाप करून खुणावू लागली. माझा दिवा अप्परवर, म्हणजे लांबच्या उंच प्रकाशावर, राहिला असेल म्हणून मी कांडी दोन-तीनदा खालीवर करून पाहिली, पण दिवा डिपरवर, म्हणजे जवळच्या खालच्या प्रकाशावरच होता. शेवटी मलकापूरला चहासाठी थांबले असताना एका ट्रकचालकाने येऊन सांगितले, “ताई, तुमचा उजवा दिवा थेट डोळ्यांत येतोय, तेवढा बघून घ्या.” आपल्याकडे गाड्या डावीकडून चालत असल्यामुळे समोरच्या चालकाच्या सर्वांत जवळ येतो तो आपला उजवा दिवा, आणि नेमका तोच वर पाहत होता.

पुन्हा त्याच गॅरेजमध्ये गेले. तिथल्या मुलाने बॉनेट उघडून स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही दिवे सारखे दिसावेत म्हणून दोन्हींचा फोकस खाली ओढला आणि उजेड कमी वाटू नये म्हणून ६०/५५ वॉटचे (पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिपरचा) बल्ब काढून १००/९० वॉटचे घातले. समोरच्यांनी डिपर मारणे थांबले खरे, पण आता मलाच रस्ता दिसेना. गाडीपुढे पंधरा-वीस पावलांवर पांढरे डबके पडावे तसा उजेड पडत होता आणि त्याच्या पलीकडे काळोख होता. तो उसाचा हंगाम होता. या रस्त्यावर रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जातात, बिघडले तर कडेलाच उभे राहतात आणि त्यांच्या मागे दिवा किंवा लाल पट्टी असतेच असे नाही. बांबवड्याच्या अलीकडे अशीच एक उभी ट्रॉली मला अगदी जवळ गेल्यावर दिसली. मी जोराने ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. कोणाला काही झाले नाही, पण उसाची वाढी, म्हणजे शेंड्याची पाने, काचेसमोर लोंबताना दिसली तो क्षण मी अजून विसरलेले नाही.

त्यानंतर नात्यातल्या एका फाउंड्रीवाल्या दादांनी मला उद्यमनगरातल्या या मिस्त्रींकडे पाठवले.

मिस्त्रींनी सुरुवातीला दिवा लावूनही पाहिला नाही. बॉनेट बंद ठेवून ते गाडीसमोर उकिडवे बसले आणि दोन्ही बाजूंच्या फटी पाहू लागले. मग आतून ड्रिलच्या बिटांचा डबा आणून एकेक बीट उलट्या बाजूने, म्हणजे गुळगुळीत दांड्याने, बॉनेट आणि दिव्याच्या मधल्या फटीत घालून पाहू लागले. डाव्या दिव्यावर फट या टोकापासून त्या टोकापर्यंत चार मिलिमीटरची होती. उजव्या दिव्यावर बाहेरच्या टोकाला तीन मिलिमीटरचे बीट जेमतेम जात होते आणि आतल्या, म्हणजे जाळीकडच्या टोकाला सात मिलिमीटरचे बीट सहज आत-बाहेर होत होते. त्यांनी मला ते हातात देऊन स्वतः घालून पाहायला लावले. नंतर दिव्याच्या खालच्या कडेला अंगठ्याने दाबले, तेव्हा अख्खा दिवा कुरकुरत हलला. “ताई, स्क्रू फिरवून दिवा खाली जातो, पण बसत न्हाई. आधी दिवा जाग्यावर बसू द्या, फोकसचं मग बघू,” एवढेच ते म्हणाले आणि बंपर खोलायला लागले.

बंपर उतरल्यावर सगळे उघड दिसले. रेडिएटरच्या वरून जाणारी पत्र्याची आडवी पट्टी, जिला गॅरेजमध्ये फ्रंट शो म्हणतात, ती टेम्पोच्या धक्क्याने उजव्या बाजूला मागे दबली होती आणि आधीच्या गॅरेजने ती सरळ न करता तशीच रंगवली होती. दिव्याचे वरचे बोल्ट याच पट्टीत बसतात. पट्टी मागे गेल्यामुळे दिव्याचे डोके मागे गेले होते आणि तोंड वर झाले होते. खालचा प्लॅस्टिकचा कान नवा दिवा बसवतानाच मोडला असावा, कारण त्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे पांढरे थर होते. दिव्याची मागची पेटी पॉलिप्रॉपिलीनची असते आणि त्या प्लॅस्टिकला असला गोंद धरत नाही, हे मिस्त्रींनी नखाने तो थर उचलूनच दाखवले. गाडी खड्ड्यातून गेली की रस्त्यावरचा उजेड थरथरायचा, त्याचे कारण हा कान होता.

पट्टी किती दबली आहे हे त्यांनी डाव्या बाजूशी ताडून पाहिले, तेव्हा फरक सुमारे चार मिलिमीटरचा निघाला. चार मिलिमीटर ऐकून मला ते फारच किरकोळ वाटले होते, म्हणून मिस्त्रींनी मांडलेला हिशेब इथे देते. दिव्याच्या वरच्या आणि खालच्या आधारांमध्ये सुमारे वीस सेंटिमीटर अंतर होते. वीस सेंटिमीटरला चार मिलिमीटर म्हणजे शेकडा दोन. डिपरच्या प्रकाशाची वरची कड साधारणपणे शेकडा एक या उताराने खाली जावी लागते, म्हणजे दहा मीटरवर ती दिव्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली असली पाहिजे. आमच्या दिव्याचा मध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर आहे, तेव्हा नीट बसलेल्या दिव्याचा प्रकाश ७० मीटरवर रस्त्याला टेकतो. आमचा दिवा शेकडा दोनने वर फिरल्यामुळे खाली उतरण्याऐवजी शेकडा एकने वर चढत होता, म्हणजे ४० मीटरवर त्याची कड ११० सेंटिमीटर उंचीवर पोहोचत होती, आणि लहान मोटारीत बसलेल्या चालकाचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात. उलट पहिल्या गॅरेजने फोकस खाली ओढल्यावर पाच मीटरवरच्या भिंतीवर ती कड दिव्यापेक्षा वीस सेंटिमीटर खाली पडत होती. हा उतार शेकडा चार होतो आणि प्रकाश साडेसतरा मीटरवरच संपतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी हे अंतर साधारण एका सेकंदात कापते. उसाची ती ट्रॉली मला का दिसली नव्हती, ते मला इथे कळले.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०६ हाच मुद्दा दुसऱ्या रीतीने सांगतो. दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला हा प्रकाश दिपवणारा नसावा, असे त्यात म्हटले आहे. समोरून येणाऱ्या माणसाचा विचार करून केलेला हा नियम पाळणे चालकाच्या हातात थोडेच असते, ते दिवा बसवणाऱ्याच्या हातात जास्त असते, आणि म्हणूनच मला या कामाकडे इतक्या गांभीर्याने पाहावेसे वाटते.

दुरुस्तीतला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे पट्टी सरळ करणे, आणि त्यात मिस्त्रींनी घाई केली नाही. हातोडीने न ठोकता साखळी आणि हायड्रॉलिक जॅक लावून त्यांनी ती हळूहळू पुढे ओढली, प्रत्येक वेळी ताण सोडून मोजले, कारण पत्रा ताण सुटल्यावर थोडा परत जातो. तरीही सुमारे एक मिलिमीटर उरला. तो आणखी ताणला तर जोड फाटेल असे म्हणून त्यांनी शेजारच्या लेथवरून त्या जाडीचा पोलादी वॉशर करून आणला आणि वरच्या आतल्या बोल्टखाली घातला. साधे दोन-तीन वॉशर एकावर एक चढवून भागवता आले असते, पण तसे वॉशर सरकतात, हे त्यांचे म्हणणे मला पटले. मोडलेला कान त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी तापत्या टोकाने वितळवून आणि आत बारीक तारेची जाळी दाबून जोडला. गार झाल्यावर तो जोड त्यांनी पक्कडीत धरून ताकदीने वाकवून पाहिला आणि मगच दिवा बसवला. बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने सैल लावले, फटी पुन्हा बिटांनी मोजल्या, आणि नंतर एकेक बोल्ट थोडा थोडा करून दहाच्या पान्याने आवळला. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला की दिवा त्या बाजूला ओढला जातो.

बल्बचे प्रकरणही तितकेच गंभीर निघाले. १००/९० वॉटच्या बल्बांमुळे उजव्या बाजूचा कपलर, म्हणजे तारा बल्बला जोडणारा प्लॅस्टिकचा जोड, तपकिरी होऊन एका पिनेपाशी मऊ पडला होता. बारा व्होल्टवर ६० वॉटला पाच अँपिअर लागतात, १०० वॉटला आठच्या वर जातात, आणि गाडीच्या मूळ तारा व कपलर त्या हिशेबाने केलेले नसतात. मिस्त्रींनी कपलर बदलला आणि दोन्हीकडे ६०/५५ वॉटचे साधे एच४ बल्ब घातले. या बल्बाच्या कड्याला तीन कान असतात, त्यातला रुंद कान वर यावा लागतो आणि मग तारेचा क्लिप त्यावर नीट बसावा लागतो. आधीच्या मुलाने डावा बल्ब किंचित तिरका ठेवून क्लिप जबरदस्तीने लावला होता. एच४ बल्बात डिपरचा उजेड देणाऱ्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते आणि तिच्यामुळेच खाली उजेड, वर अंधार अशी रेघ तयार होते, त्यामुळे बल्ब तिरका बसला की ती रेघही वाकडी होते. एलईडी बल्ब घालू का, असे मी विचारले. हॅलोजनसाठी केलेल्या परावर्तकात एलईडीचा प्रकाश नेमक्या त्याच जागेवरून निघत नाही, त्यामुळे उजेड वाढल्यासारखा वाटतो आणि रेघ मात्र विस्कटते, असे सांगून त्यांनी नकार दिला. विकून पैसे मिळवण्याची संधी असताना दिलेला हा नकार मला महत्त्वाचा वाटतो.

बाजारातला दिवा ठेवावा की कंपनीचा आणावा, हा प्रश्न त्यांनी माझ्यावर सोडला, पण ठरवण्यासाठी लागणारी माहिती दिली. काचेच्या कोपऱ्यात ‘एचसीआर’ ही अक्षरे आणि त्यांच्याजवळ एक बाण असतो. डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी केलेल्या दिव्यावर, आपण दिव्याकडे तोंड करून उभे राहिलो तर, त्या बाणाचे टोक आपल्या उजवीकडे असते. बाणच नसेल तर तो दिवा उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी केलेला असतो आणि त्याच्या प्रकाशाचा कडेला वर चढणारा भाग समोरच्याच्या बाजूला जातो. आमच्या दिव्यावर बाण योग्य होता, म्हणून मी तो ठेवला. आता वाटते की कंपनीचा दिवा घेतला असता तर बरे झाले असते. बाजारातल्या दिव्याची रेघ डाव्या मूळ दिव्याइतकी ताशीव नाही, कडेला थोडी पिसारलेली दिसते. हा दोष दिव्याचा आहे, मिस्त्रींच्या कामाचा नाही.

फोकससाठी त्यांनी मला संध्याकाळी सातनंतर बोलावले. दुपारी चारला काम संपले होते, तरी उजेडात फोकस लावायला त्यांनी ठाम नकार दिला. मोठ्या वर्कशॉपमध्ये यासाठी भिंग आणि पडदा असलेले बीम सेटर यंत्र असते, ते या दुकानात नाही. त्याऐवजी आवारातल्या एका भिंतीवर आडव्या आणि उभ्या रेघा आखलेल्या आहेत आणि समोरचा काँक्रीटचा भाग सपाट ठेवलेला आहे. त्यांनी चारही चाकांची हवा पाहिली, पेट्रोल किती आहे ते विचारले, मला चालकाच्या जागेवर बसायला सांगितले, डॅशबोर्डवरची फोकसची चकती शून्यावर आणवली आणि पुढून गाडी दोनदा दाबून सोडली, म्हणजे शॉकॉब (चाकांवरचे धक्के झेलणारे दांडे) नेहमीच्या जागेवर येतात. दिव्यापासून भिंतीपर्यंत टेपने पाच मीटर मोजले. मग एका दिव्यावर पोते टाकून दुसऱ्याची रेघ मध्याच्या पाच सेंटिमीटर खाली आणली, आणि जिथून ती डावीकडे वर चढते तो कोपरा उभ्या रेघेवर जुळवला. हा चढता भाग रस्त्याच्या डाव्या कडेला दूरवर उजेड टाकण्यासाठी असतो. कडेने चालणारी माणसे, सायकली, बैलगाड्या आणि उभ्या ट्रॉल्या याच भागात दिसतात. पोते काढून दोन्ही दिवे एकत्र लावले, तेव्हा भिंतीवर दोन्ही रेघा एका पातळीत आल्या. मी गाडीतून उतरून कितीतरी वेळ ती भिंत पाहत उभी होते.

आता ज्या गोष्टी मला खटकल्या त्याही लिहिते. एका दिवसात गाडी देतो असे सांगून तिसऱ्या दिवशी दिली आणि उशीर होणार हे फोन करून कळवले नाही. मीच दोनदा फोन केला, त्यातला एक कोणी उचलला नाही. बसायला सावलीत एक बाक आहे, पण स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही, आणि दिवसभर थांबावे लागणारीला हे फार जाणवते. बंपर उतरवताना खालच्या कडेला बोटभर ओरखडा आला. तो मिस्त्रींनी स्वतः दाखवला आणि टचअपचा रंग लावून दिला, तरी जवळून दिसतो. बिल साध्या वहीच्या कागदावर मिळाले. ज्यांना विम्यासाठी किंवा कार्यालयात दाखवण्यासाठी पक्के बिल लागते, त्यांनी आधी विचारून घ्यावे.

खर्च मात्र मला वाजवी वाटला. शो ओढण्याचे ९०० रुपये, प्लॅस्टिकच्या जोडाचे ३५०, दोन बल्ब आणि कपलरचे ५२० आणि काढणे, बसवणे व फोकस मिळून ७००, असे एकूण २,४७० रुपये झाले. जुने बल्ब आणि जळका कपलर त्यांनी पिशवीत घालून परत दिले.

या गोष्टीला आता सात महिने झाले. त्या काळात मी साखरप्याला दहा-बारा फेऱ्या केल्या, त्यांतल्या तीन जून-जुलैच्या पावसात. आंबा घाटात धुके उतरले की अप्पर लावून उपयोग होत नाही, प्रकाश धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांत येतो. अशा वेळी खाली राहणारा आणि डावी कड दाखवणारा डिपरच गाडी पुढे नेतो. या वेळी मला कठड्याचे पांढरे पट्टे ओळीने दिसत होते. समोरून कोणी डिपर मारत नाही. खराब रस्त्यावर उजेड थरथरत नाही. एका मुसळधार रात्रीनंतर उजव्या काचेच्या आत खालच्या कोपऱ्यात हलके दव दिसले होते, ते दुपारपर्यंत गेले. तरी मी फोटो पाठवला, तेव्हा मागचे रबरी झाकण नीट बसले आहे का पाहा, असे उत्तर आले. ते खरोखरच एका बाजूने सुटले होते, आणि मी हाताने दाबून बसवले.

काम झाल्यावर पंधरा दिवसांनी गाडी परत आणायला त्यांनी सांगितले होते, कारण नवा जोड आणि ओढलेला पत्रा रस्त्याच्या धक्क्यांनी थोडा बसतो. मी गेले, तेव्हा पुन्हा टेप, पुन्हा पोते, पुन्हा तीच भिंत. उजवी रेघ एक सेंटिमीटर उतरली होती. त्यांनी स्क्रू पाव फेरा फिरवला आणि पैसे घेतले नाहीत. हे दुकान सोमवारी बंद असते. फोकसचे काम असेल तर सकाळी गाडी देऊन ठेवावी आणि अंधार पडल्यावर स्वतः हजर राहावे, म्हणजे चालकाच्या जागेवर बसायला दुसऱ्या कोणाला शोधावे लागत नाही.